लाइट आली, आता आधी कोण?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत लाइट गेली तर कोणी मान वर करून पाहत नाही. लाइट आली की मात्र सगळा गाव हलतो. घोड नदीच्या किंवा भीमेच्या काठच्या एखाद्या गावात फिडर चालू झाला, की विहिरीवरच्या मोटारी, पिठाची गिरणी, डेअरीतला बल्क कूलर, पतसंस्थेतला संगणक, मेडिकलमधला कॅमेऱ्यांचा डबा आणि ग्रामपंचायतीतला राउटर अशा सगळ्यांना एकाच सेकंदाला जाग येते. सगळ्यांना लगेच कामाला लागायचं असतं. कोणी आधी उठायचं आणि कोणी कोणासाठी थांबायचं, याचा ठराव मात्र कुठल्याच ग्रामसभेत झालेला नसतो.

मोटारींचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे. शेतीपंपाला थ्री फेज वीज मिळणार आठेक तास, आणि तीही पाळीनं: कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात लाइट अपरात्री येणार, तेव्हा उसाच्या कडेकडेनं बॅटरी घेऊन विहिरीपर्यंत जायचं कोणी? शिरूर तालुक्यात बिबट्या ही आता पारावरची गोष्ट राहिलेली नाही. माणसं गेली आहेत. म्हणून स्टार्टरला ऑटोस्विच बसतो. लाइट आली की मोटार आपोआप चालू आणि मालक घरात गोधडीत. एका मालकाच्या बाजूनं पाहिलं तर यात खोट काढायला जागा नाही. अडचण एवढीच, की त्याच डीपीवरचे बाकीचे एकोणीस मालकही तेवढेच शहाणे असतात.

हिशेब सोपा आहे. पाच एचपीची मोटार चालताना सात-साडेसात अँपिअर घेते, पण उठताना त्याच्या पाच-सहा पट ओढते. १०० केव्हीएच्या डीपीची ऐपत दर फेजला साधारण १४० अँपिअरची. वीस मोटारी चालत्या असतील तर ती कशीबशी पुरते. वीसच्या वीस एकदम उठल्या, तर मागणी ८०० च्या आसपास जाते. मग फ्यूज उडतो, आणि जी लाइट आली म्हणून सगळे उठले तीच लाइट जाते. महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे, की ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा. लोक दोन्ही गोष्टी शांतपणे ऐकून घेतात.

हा झाला तारेवरचा घोळ. तोच घोळ कपाटावर ठेवलेल्या तळहाताएवढ्या संगणकाच्या आतही होतो. फरक एवढाच, की तिथे फ्यूज उडाल्याचा आवाज येत नाही, त्यामुळे वायरमनला फोनही जात नाही.

असा संगणक बहुतेक वेळा लिनक्सवर चालतो. शिरूरच्या बाजारपेठेत जाऊन 'लिनक्स आहे का?' असं विचारलं तर मोबाइलवाला 'नाही' म्हणेल; आणि तसं म्हणताना त्याच्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालत असेल. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिहायला घेतलेली ही गोष्ट आज राउटरमध्ये आहे, कॅमेऱ्यांच्या डब्यात आहे, बऱ्याच टीव्हींमध्येही आहे. शिवाय हा तालुका हातानं करून पाहणाऱ्यांचा आहे. याच शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, आणि अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब २००२ साली उभी राहिली ती पाबळलाच. अशा मुलखात एखाद्यानं रास्पबेरी पाय नावाचा स्वस्तातला संगणक आणून डेअरीच्या काट्याला जोडला, तर कोणाला नवल वाटू नये.

समजा, न्हावऱ्याच्या बाजूला कुठल्याशा डेअरीत असा एक पाय बसवला आहे. त्याला कामं चारच. राउटरकडून नेटवर्क घ्यायचं. इंटरनेटवरून बरोबर वेळ विचारून आपलं घड्याळ लावायचं. यूएसबीला लावलेल्या डिस्कवरची हिशेबाची वही उघडायची. आणि मग काट्यावर आलेल्या दुधाची लिटर-फॅट नोंदवून ती वर पाठवायची. माणसाला हा क्रम सांगावा लागत नाही. वही उघडल्याशिवाय कोणी लिहायला बसत नाही. संगणकाला मात्र एवढंसुद्धा आपणहून कळत नाही.

पहाटे साडेपाचला लाइट येते. पाय अर्ध्या मिनिटात उठतो. राउटर अंमळ सुस्त. त्याला एक-दोन मिनिटं लागतात, आणि फायबरचा डबा लाल दिव्यावरून हिरव्यावर यायला आणखी वेळ घेतो. दुधाचा प्रोग्रॅम उठल्या उठल्या नेटवर्क मागतो. नेटवर्क नाही. प्रोग्रॅम पडतो. बसवणारा हुशार असल्यानं त्यानं 'पडलास तर पुन्हा उठ' अशी एक ओळ लिहून ठेवलेली असते. त्यानुसार तो उठतो, मागतो, पडतो. दोन प्रयत्नांमधली विश्रांती किती, हे त्या ओळीत लिहायचं राहून गेलं असेल तर लिनक्स ती सेकंदाचा दहावा भाग धरतं. आणि दहा सेकंदांत पाच वेळा उठून झालं, की 'फार घाईनं फार वेळा मागणी केली' असा शेरा मारून तो विषय कायमचा बंद करतं. म्हणजे राउटरचा पहिला दिवा स्थिर व्हायच्या आत या गड्याच्या पाचही संधी संपलेल्या असतात. पुढे राउटर उठतो, फायबर हिरवं होतं, नेट रानभर वाहू लागतं, आणि प्रोग्रॅम मात्र कोपऱ्यात पडलेला. त्याला उठवायला कोणी येत नाही.

बाहेर किटल्या घेऊन माणसांची रांग. मग संगणकवाल्याला फोन जातो. तो शिरूरहून मोटारसायकलवर निघतो, येतो, चहा घेतो, डब्याकडे गंभीरपणे पाहतो आणि वायर काढून पुन्हा लावतो. सगळं चालू! आता राउटर आधीच जागा असतो, त्यामुळे पायला उठल्या उठल्या नेटवर्क मिळतं आणि काही म्हणता काही अडत नाही. संगणकवाल्याचा मान राहतो, त्याचे पैसे होतात, रांग पुढे सरकते. दुखणं जिथल्या तिथे. पुढची लाइट जाईपर्यंत त्याचं कोणालाच काही वाटत नाही. बंद करून चालू करण्याच्या उपायाचा हाच मोठा दोष आहे: तो लागू पडतो.

आता हा क्रम ठरवतं कोण? संगणक चालू झाला की आधी फर्मवेअर जागं होतं, ते बूटलोडरला उठवतं, बूटलोडर कर्नलला उठवतो, आणि कर्नल आपलं आवरलं की एकच प्रोग्रॅम सुरू करतो. त्याचा प्रक्रिया क्रमांक एक. पुढचे सगळे प्रोग्रॅम त्याच्या वंशातले. हा एक नंबर इतका मानाचा, की तो मेला तर कर्नल पुढे पाऊल टाकत नाही. 'इनिटला (म्हणजे या एक नंबरला) मारण्याचा प्रयत्न झाला' अशी शेवटची ओळ पडद्यावर सोडून जागच्या जागी थिजतो. कोणाला कधी हाक मारायची, हे काम या एक नंबरचं.

जुन्या काळी, यूनिक्सच्या सिस्टम फाइव्हपासून चालत आलेल्या पद्धतीत, एक नंबरचं काम सोपं होतं. एका फोल्डरमध्ये फाइली, प्रत्येक फाइलीच्या नावात दोन आकडी नंबर, आणि त्या नंबरानं एकेकाला हाक. रेड हॅटच्या जुन्या लिनक्सवर नेटवर्कचा नंबर १०, दुरून आत येऊ देणाऱ्या एसएसएचचा ५५, मायएसक्यूएल या डेटाबेसचा ६४, वेबसाइट दाखवणाऱ्या अपाचेचा ८५, ठरल्या वेळी कामं करणाऱ्या क्रॉनचा ९०. सगळ्यांच्या शेवटी ९९ नंबरला 'लोकल' नावाची फाइल. ज्याला कुठेच जागा नाही त्यानं तिथे पथारी पसरावी. शेवटी येऊ पाहणारा प्रत्येक जण ९९ च मागायचा. दोघांना ९९ मिळाला तर निवाडा नावाच्या अक्षरांवरून, म्हणून फाइलीच्या नावात मुद्दाम झेड घालायची युक्ती होती.

ही रांग कोणालाही वाचता यायची, हा तिचा गुण. पुढचा अडला की मागचे सगळे अडायचे, हा दोष. त्या काळी ज्यांनी सर्व्हर सांभाळले, त्यांच्या डोळ्यांसमोर एक ओळ आजही येते: 'स्टार्टिंग सेंडमेल'. ती ओळ आली की पुढे काहीच हलायचं नाही. सेंडमेल हा टपाल वाहणारा प्रोग्रॅम. उठल्यावर त्याला स्वतःचं संपूर्ण नाव हवं असायचं, आणि ते नाव विचारायला तो नेटवर्कवरच्या डीएनएसकडे जायचा. डीएनएस सापडला नाही तर तो विचारत बसायचा, मिनिटामागून मिनिट. एका प्रोग्रॅमला आपलं नाव आठवेना म्हणून अख्खा सर्व्हर खोळंबलेला, आणि समोर गुडघ्यावर हात ठेवून बसलेला माणूस.

सुधारणा होत गेल्या. २००६ मध्ये लिनक्सच्या उबुंटू या वाणानं अपस्टार्ट आणलं. त्यात नंबरांऐवजी घटना होत्या, अमुक झालं की तमुक सुरू कर, अशा धर्तीच्या. डेबियन या दुसऱ्या वाणानं २०११ च्या आवृत्तीत प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर 'माझ्याआधी कोण लागतं' हे लिहून त्यावरून क्रम काढायला सुरुवात केली. तोवर लेनार्ट पॉटरिंग यांनी एका सहकाऱ्याबरोबर सिस्टमडी लिहायला घेतलं होतं. साल २०१०. २०११ मध्ये ते फेडोरात आलं, २०१४ मध्ये रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीत, २०१५ मध्ये डेबियन आणि उबुंटूत.

एवढ्या सरळ ओळीत हे घडलं असं मात्र कोणी समजू नये. सकाळी उठायचं कसं, यावरून लिनक्सच्या भावकीत जेवढी भांडणं झाली तेवढी रात्रभर जागून काम करण्यावरून झाली नाहीत. डेबियनच्या तांत्रिक समितीत फेब्रुवारी २०१४ मध्ये मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतावर सिस्टमडीची निवड झाली. ज्यांना ते पटलं नाही त्यांच्यातल्या काहींनी त्याच वर्षी वेगळी चूल मांडली. तिचं नाव डेव्हुआन, आणि ती आजही पेटती आहे. वाटणीचं कारण बांधाचं नव्हतं, विहिरीचं नव्हतं. एक नंबर कोण, एवढंच होतं.

सिस्टमडीचा मूळ विचार असा, की रांग कशाला हवी? ज्यांचं एकमेकांशी देणंघेणं नाही, त्यांना एकदमच उठवावं. आणि ज्यांचं आहे, त्यांच्यासाठी आधी नुसती दारं उघडून ठेवावीत. दार म्हणजे सॉकेट. ॲपलच्या मॅकवर २००५ पासून लाँचडी ही युक्ती वापरत होता. डेटाबेस अजून तोंड धुतोय, पण त्याचं दार उघडं आहे. कोणी काही मागायला आलं तर त्याचा कागद कर्नल दारातच ठेवून घेतो. डेटाबेस तयार झाला की कागद उचलतो. मागणाऱ्याला आपण लवकर आलो होतो हे कळतसुद्धा नाही. जिथे हे जमलं, तिथे क्रमाचा प्रश्नच मिटला.

जमलं नाही तिथे दोन वेगवेगळे शब्द लिहावे लागतात, आणि खरी गंमत इथून पुढे आहे. एक शब्द 'आफ्टर': मी त्याच्यानंतर उठेन. दुसरा 'रिक्वायर्स': तो असल्याशिवाय माझं चालणार नाही. कोणाही शहाण्या माणसाला वाटेल, की दुसऱ्यात पहिला आलाच. नाही येत. नुसतं 'रिक्वायर्स' लिहिलं तर सिस्टमडी दोघांनाही एकदमच उठवतं. दोघं हवेत म्हणालात, दोघं हजर, आधी कोण ते तुम्ही कुठे सांगितलंत? नुसतं 'आफ्टर' लिहिलं तर उलटं: तो येणार असेल तर मी त्याच्यामागून येईन, तो येणारच नसेल तर मी माझा येतो, माझं काही अडलेलं नाही. म्हणून दोन्ही ओळी लिहायच्या. पहिल्यांदा एकच लिहिणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांचा प्रोग्रॅम दहापैकी नऊ वेळा चालतो, ही त्यातली वाईट गोष्ट. दहापैकी दहा वेळा पडला असता तर पहिल्याच दिवशी सापडला असता.

नेटवर्कचं तर स्वतंत्र पुराण. 'नेटवर्क टार्गेट' नावाचा एक टप्पा असतो. लोक आपल्या फाइलीत 'नेटवर्क टार्गेटनंतर' असं लिहितात आणि निर्धास्त झोपतात. त्या टप्प्याचा अर्थ एवढाच, की नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम कामावर आला आहे. तारेत दम आहे का, पत्ता मिळाला का, याच्याशी त्याचा संबंध नाही. त्याचा मुख्य उपयोग संगणक बंद होताना होतो: बंद होताना क्रम उलटा लागतो, त्यामुळे नेटवर्क जायच्या आत बाकीच्यांना आपलं आवरता येतं. खरोखर नेट आलं का, हे पाहायचं तर वेगळा टप्पा, 'नेटवर्क ऑनलाइन'. आणि तोही नुसता 'आफ्टर'मध्ये लिहून भागत नाही. 'वॉन्ट्स' म्हणून मागवावाही लागतो.

बरं, तो मागवला, तर तो खरंच थांबतो. उबुंटूच्या सर्व्हरला केबल न लावता चालू करून पाहावं. काळ्या पडद्यावर चौकटी कंसात तीन लाल फुल्या डावीकडून उजवीकडे जातात, उजवीकडून डावीकडे येतात. शेजारी ओळ: नेटवर्क लागण्याची वाट पाहणं चालू आहे. पुढे कंसात सेकंद वाढताहेत, आणि सेकंदांच्या शेजारी लिहिलेलं आहे 'नो लिमिट'. हे दोन शब्द वाचून भलाभला माणूस खुर्ची ओढून घेतो. प्रत्यक्षात वाट पाहणाऱ्या प्रोग्रॅमची स्वतःची मुदत १२० सेकंदांची असते. दोन मिनिटं झाली की तो हात टेकतो आणि बूट पुढे सरकतं. पण तो तसं आधी सांगत नाही. ज्यानं एक मिनिट अठ्ठावन्न सेकंदांना वैतागून बटण दाबलं, त्याची वाट पुन्हा शून्यापासून सुरू.

डिस्कची तऱ्हा याहून कडक. आपल्या डेअरीतल्या पायला यूएसबी डिस्क लावलेली आहे, आणि ती रोज हजर असणार असं एका फाइलीत लिहून ठेवलेलं आहे. एके दिवशी कोणीतरी लग्नाचे फोटो भरायला ती डिस्क काढून नेली. लाइट गेली, आली. सिस्टमडी डिस्कची दीड मिनिट वाट पाहतं. डिस्क आली नाही की ते संगणक चालू करायलाच नकार देतं आणि आणीबाणी पुकारतं. हा शब्द पदरचा नाही. त्या अवस्थेचं नावच 'इमर्जन्सी मोड' आहे. नेट नाही, दुरून आत जायला वाट नाही, फक्त समोर कीबोर्ड लावून पासवर्ड देणाऱ्याशीच बोलणार. वास्तविक त्या फाइलीत डिस्कच्या ओळीला 'नोफेल' एवढा शब्द जोडला असता, तर डिस्कविना बाकीचं सगळं गुमान सुरू झालं असतं.

घड्याळाचं दुखणं मात्र डेअरीवाल्यांनी जपून ठेवावं असं आहे. घरातल्या भिंतीवरच्या घड्याळात सेल असतो. रास्पबेरी पायमध्ये, २०२३ च्या पाचव्या मॉडेलपर्यंत, घड्याळाचा तुकडाच नव्हता, आणि पाचव्यात आहे तर त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. वीज गेली की वेळ गेली. त्यावर उपाय म्हणून वेळ अधूनमधून एका फाइलीत लिहून ठेवतात आणि उठल्यावर तिथूनच पुढे मोजायला लागतात. म्हणजे रात्री दहाला लाइट गेली आणि पहाटे साडेपाचला आली, तर पायच्या लेखी अजून रात्रीचे दहाच वाजलेले. नेट येऊन खरी वेळ कळेपर्यंत जेवढं दूध मोजलं जाईल ते सगळं काल रात्रीचं. बरं, वर पाठवायला जावं तर सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र तारखा तपासतं. बंद काळ लांबला असेल आणि मधल्या दिवसांत समोरच्यानं नवं प्रमाणपत्र घेतलं असेल, तर पाय ते ठामपणे नाकारतो: हे तर अजून लागूच झालेलं नाही. यालाही वेगळा टप्पा आहे, 'टाइम सिंक' नावाचा. पण खरी वेळ मिळेपर्यंत अडवून धरणारी सेवा वेगळी असते आणि ती आपल्या हातानं चालू करावी लागते. ती चालू नसेल, तर टप्पा गाठला असं वहीत लिहिलं जातं आणि वेळ काल रात्रीचीच राहते.

इतके सगळे 'आधी' आणि 'नंतर' लिहीत गेलं की एक दिवस गोल पूर्ण होतो. वही म्हणते डिस्कनंतर, डिस्क म्हणते नेटवर्कनंतर, आणि नेटवर्कच्या फाइलीत कोणीतरी उत्साहानं लिहून ठेवलेलं असतं, वहीनंतर. तिघंही दाराशी उभे, 'व्हा पुढे' म्हणत. सिस्टमडी अशा वेळी समजूत काढत बसत नाही. 'क्रमाचा गोल सापडला' अशी ओळ लिहितं, तिघांपैकी एकाला बूटमधून वगळतं आणि पुढे जातं. कोणाला वगळलं ते पडद्यावर 'स्किप' असं छापून एका क्षणात वर सरकतं. वगळलेलं काम कधी बिनमहत्त्वाचं असतं, कधी ज्याच्यासाठी संगणक घेतला तेच असतं.

या सगळ्यावर शिरूरपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत एकच घरगुती औषध चालतं: 'स्लीप ३०'. प्रोग्रॅम सुरू व्हायच्या आधी तीस सेकंद नुसतं थांबायचं. तीस का? तेव्हा तीसला चाललं म्हणून. पुढे राउटर बदलतो, तीसचे साठ होतात. साठवरही अडलं की नव्वद. उन्हाळ्यात एखाद्या पहाटे व्होल्टेज कमी असतं, राउटर दोनदा उठतो, आणि नव्वदही कमी पडतात. ज्या दिवशी राउटर आधीच जागा असतो, त्या दिवशीही रांग विनाकारण दीड मिनिट उभी. पण ही ओळ काढायची कोणाची छाती होत नाही. ती कोणी आणि का लिहिली हे विचारायला लिहिणारा आता त्या नोकरीत नसतो.

थांबायचं किती, हा प्रश्नच चुकीचा आहे. थांबायचं कशासाठी, हे दौंडच्या फलाटावर जास्त चांगलं कळतं. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंड जंक्शनला शिरली की तिला उलट्या दिशेनं बाहेर पडावं लागतं. इंजिन एका टोकाचं सोडून दुसऱ्या टोकाला लावायचं. दौंड-मनमाड मार्ग १८७८ चा, त्यामुळे कित्येक पिढ्यांनी हा खेळ पाहिला. अलीकडे कॉर्ड लाइनमुळे बऱ्याच गाड्या जंक्शनात न शिरता परस्पर जातात. इंजिन लागल्याचा धक्का डब्यात बसला की नवखा प्रवासी वडापाव टाकून धावत गाडीत चढतो. रोजचा प्रवासी चहाचा दुसरा कप मागवतो. त्याला माहीत असतं, इंजिन लागलं म्हणजे गाडी निघाली असं नाही. ब्रेकच्या नळीत हवा भरायची असते. इंजिनातल्या काट्यावर पाच किलोचा दाब आला, शेवटच्या डब्यातल्या गार्डनं, म्हणजे २०२२ पासूनच्या ट्रेन मॅनेजरनं, आपल्या काट्यावर दाब पोचल्याचं पाहिलं, ब्रेकची चाचणी झाली, की मग गाडी हलते. किती मिनिटं लागतील, हे कोणी घड्याळ लावून ठरवत नाही. हवा पोचली हे शेवटच्या डब्यानं सांगायचं असतं.

सिस्टमडीत हीच सोय आहे आणि तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. सेवेचा प्रकार काही न लिहिता सोडला तर तो 'सिंपल' धरला जातो; म्हणजे प्रोग्रॅमला हाक मारली की तो सुरू झाला असंच मानायचं. इंजिन लागलं, गाडी सोडा. त्याऐवजी 'नोटिफाय' लिहिलं, तर प्रोग्रॅम स्वतः 'रेडी' असा निरोप धाडेपर्यंत त्याच्यामागच्यांना उठवलं जात नाही. पोस्टग्रेस आणि मारियाडीबी या दोन्ही डेटाबेसना असा निरोप धाडता येतो. डेटाबेस वीज गेल्यामुळे अर्धवट राहिलेली पानं आधी जुळवून घेतो. त्याला कधी दोन सेकंद लागतात, कधी दोन मिनिटं. किती, ते त्यालाही आधी सांगता येत नाही. झालं की सांगता येतं.

हे सगळं शिकून झाल्यावर जगानं प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत बंद करून चालवणारा डॉकर आणला आणि पहिलीपासून सुरुवात केली. डॉकर कंपोजच्या फाइलीत 'डिपेंड्स ऑन' असं लिहिलं की लोकांना वाटतं, डेटाबेस तयार झाल्यावर आपला प्रोग्रॅम उठेल. प्रत्यक्षात डेटाबेसचा डबा चालू झाला एवढंच पाहिलं जातं. आतला डेटाबेस बोलू लागला का, हे हवं असेल तर तब्येत तपासणारी वेगळी ओळ लिहून 'हेल्दी' अशी अट घालावी लागते. नव्या पिढीतल्या कित्येकांनी त्याऐवजी काय लिहिलं असेल? 'स्लीप ३०'.

मोटारींच्या गर्दीवरचं उत्तरही संगणकवाल्यांना बऱ्याच आधी सापडलेलं आहे. जगभरातल्या डेबियन आणि उबुंटूच्या यंत्रांनी ठरल्या वेळी एकदम नवीन पॅकेजं मागितली असती, तर ती देणाऱ्या सर्व्हरांचा डीपी रोज उडाला असता. म्हणून त्या कामाच्या वेळेत बारा तासांपर्यंतचा वाटेल तो उशीर मिसळतात; कोणाला सकाळी जाग येते, कोणाला दुपारी. ऑटोस्विचलाही उशिरानं चालू होण्याचा टायमर बसवता येतो. फक्त वीस मालकांनी वीस वेगवेगळे आकडे लावायला हवेत, आणि शेजाऱ्याची मोटार आपल्याआधी सुरू होऊन विहिरीचं पाणी त्याच्या उसाला आधी गेलं तरी मन मोठं ठेवायला हवं. यातला तांत्रिक भाग टायमरचा. तो सोपा आहे.

तेव्हा ज्यांच्या डेअरीत, पतसंस्थेत किंवा शाळेत कपाटावर असा एखादा डबा आहे, त्यांनी पुढच्या वेळी संगणकवाला आला की त्याला चहासोबत चार कामं सांगावीत. प्रोग्रॅमच्या फाइलीत 'नेटवर्क ऑनलाइन' हे 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' या दोन्ही ओळींत आहे का ते पाहा. पडल्यावर पुन्हा उठण्याआधी दहा सेकंदांची विश्रांती लिहा, म्हणजे पाच संधी एका सेकंदात संपणार नाहीत. काढता येण्याजोग्या डिस्कला 'नोफेल' लावा. आणि 'सिस्टमडी ॲनलाइज'च्या 'क्रिटिकल चेन' या आज्ञेनं कोण कोणासाठी खोळंबलं होतं ते एकदा छापून दाखवा. तिची 'ब्लेम' नावाची बहीण जास्त प्रसिद्ध आहे, पण तिच्यावर विसंबू नका. तिच्या यादीत सगळ्यात वर जो दिसतो, तो बऱ्याचदा बिचारा दुसऱ्याची वाट पाहत थांबलेला असतो, आणि तसा इशारा तिच्या माहितीपत्रकातच दिलेला आहे. एवढं झालं की लाइट घालवून, पुन्हा आणून, कोणीही हात न लावता सगळं उठतं का ते पाहा. लाइट घालवायला मेन स्विच बंद करण्याचे कष्ट घेऊ नका. थोडी कळ काढली तर ती आपोआप जाईल.